उन्हाचा वाटा

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याच्या तोंडावर हसणारा माणूस आहे मी. या ग्रुपवर दोन वर्षं तुमचे अनुभव वाचून नुसता हसत होतो, हे आधीच कबूल करतो. आमच्या आजोबांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली, त्या दिवसापासून आमच्या घरात देव्हारा नाही, अंगारा नाही, लिंबू-मिरची नाही. देवच नाही तर भूत कुठून येणार! लहानपणी आम्ही पोट्टे कुठून काही ऐकून आलो की मामा म्हणायचे, "दिसलं भूत तं माह्याकडे घेऊन ये बे. दोन गाड्या धुऊन घेऊ त्याच्याकडून."

तर माझ्या गोष्टीत पांढरी साडी नाही, पिंपळ नाही, अमावस्या नाही. एक दहा नंबरचा बोल्ट आहे अन् एक लाल रेघ. जे झालं ते सकाळी साडेनऊला, हातात चहाचा ग्लास असताना झालं. हसायचं असेल त्यांनी हसा. मला आता काही फरक पडत नाही.

माझं नाव प्रमोद, वय बावन्न. हिंगणा एमआयडीसीत माझं गॅरेज आहे. काम एकच... जुन्या डॅटसन गाड्या रेसिंगसाठी बांधायच्या, सांभाळायच्या, ट्यून करायच्या. भोपाळ, रायपूर, हैदराबादहून लोक ट्रेलरवर गाडी टाकून आणतात. "प्रमोदभाऊंचा हात लागला म्हणजे गाडी पळणारच," असं म्हणतात. म्हणोत बिचारे.

हा हात मला दिला माझ्या मामांनी. यशवंतमामा, आईचे थोरले भाऊ. दहावीत दोनदा आपटलो तेव्हा बापानं घराबाहेर काढलं, मामांनी प्रताप नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. घराला लागूनच त्यांची टिनाची शेड होती. मी तिथे शिकलो, तिथेच जेवलो, मामीच्या हातचं खाऊन मोठा झालो.

मामांचे कान काय होते ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या रेसच्या डॅटसनला दोन कार्बोरेटर असायचे, आणि दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. लोक त्यासाठी मीटर लावतात. मामा हातभर रबरी नळी घ्यायचे... एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं आपल्या कानात. डोळे मिटून ऐकायचे. "हा लेकाचा जास्त पिऊन राहिला," म्हणायचे अन् स्क्रू पाव फेरा फिरवायचे. मी नंतर चोरून मीटर लावून पाहायचो. काट्याचा फरक निघायचा नाही. राग यायचा मला!

टायमिंगचंही तेच. ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी... इंजिनच्या कुशीत मुठीएवढा एक डबा असतो, डिस्ट्रिब्युटर म्हणतात त्याला. प्लगला ठिणगी कधी द्यायची ते हा डबा ठरवतो. बोल्ट ढिला करून त्याला किंचित फिरवलं की ठिणगी लवकर पडते किंवा उशिरा. लवकर पडली की गाडीला जोर येतो. पण फार लवकर पडली की आत ठोके बसतात आणि पिस्टनला भोक पडतं. बस, एवढंच लक्षात ठेवा.

कंपनीच्या पुस्तकात हा आकडा छापलेला असतो. मामा पुस्तक पाहायचेच नाहीत. गाडी हिंगणा रोडच्या चढावर टॉप गिअरमध्ये हळू घ्यायला लावायचे आणि खिडकीतून कान बाहेर काढायचे. इंजिनातून फुटाणे फुटल्यासारखा आवाज आला की थांबवायचे. तो आवाज बंद होईपर्यंत डबा मागे, म्हणजे ठिणगी उशिरा. अन् तो बंद झाला की वरून आणखी एक नखभर मागे.

"हे काहून?" मी पहिल्यांदा विचारलं होतं. "आवाज तं बंद झाला ना मामा."

"आत्ता सकाळ आहे. दुपारी पारा कुठे जाते माहीत आहे ना तुले? पुस्तक लिहिणाऱ्यानं नागपूरचं ऊन पाह्यलं नाही. हा उन्हाचा वाटा. तो काढून ठेवाच लागते."

उन्हाचा वाटा! जेवणातला घास काढून ठेवल्यासारखं बोलायचे. दुसरी गाडीवाली माणसं हसायची. मामांच्या गाड्या मात्र मे महिन्यातही बसल्या नाहीत.

वाटा काढून झाला की बोल्ट कसायचे आणि मग रेघ. अर्धी डब्यावर, अर्धी खाली इंजिनवर, अशी एक सलग उभी रेघ. लाल नेलपॉलिशनं. मामीनं जन्मात कधी नखं रंगवली नाहीत, पण मामांसाठी सीताबर्डीहून बाटली आणायची. रेघ अखंड आहे म्हणजे टायमिंगला कोणी हात लावला नाही. रेघेचे दोन तुकडे दिसले म्हणजे कोणीतरी डबा फिरवला. शंभर लोकांत गाडी उघडी पडली तरी मामा एकदा बोनेट उचलून पाहायचे अन् निवांत बसायचे. रेघेच्या खाली नेहमी एक थेंब ओघळलेला असायचा. म्हातारा हात, मला वाटायचं.

आता जे लिहायचं आहे ते बावीस वर्षांत कोणाला सांगितलं नाही.

तेव्हा आमच्याकडे एका बड्या कॉन्ट्रॅक्टर साहेबांची डॅटसन १६०० होती. निळी, चौकोनी, देखणी. त्यांचा मुलगा रोहित चालवायचा. एप्रिलमध्ये शहराबाहेरच्या माळावर दोन दिवसांची डर्ट रेस होती. मामांनी आदल्या दिवशी गाडी चढावर ऐकली, उन्हाचा वाटा काढला, रेघ मारली. फायनलच्या दिवशी दुपारी मामा बाभळीखाली डबा खायला बसले होते आणि साहेब माझ्याजवळ आले. "प्रमोद, पिकअप कमी वाटतोय. तू शिकलेला मुलगा आहेस, बघ जरा."

शिकलेला! दोनदा दहावी नापास माणसाला साहेब शिकलेला म्हणाले अन् मी हवेत गेलो. माझ्याजवळ कंपनीच्या पुस्तकाची झेरॉक्स होती. मनात आलं, मामाचा जमाना गेला, आता आपण दाखवू. बोल्ट ढिला केला, डबा पुस्तकातल्या आकड्यावर घेतला. उन्हाचा वाटा परत घेतला म्हणा ना.

इथपर्यंत ती नुसती चूक होती. चूक कोणाचीही होते. मी पुढचं केलं. मामांची रेघ तुटून दोन तुकडे झाले होते, ते मी थिनरच्या बोळ्यानं पुसले. मामांच्या पेटीतली बाटली काढली आणि नव्या जागी नवी रेघ मारली. सरळ, साफ, अखंड. मामांपेक्षा छान जमली म्हणून मनातल्या मनात पाठही थोपटून घेतली.

चौथ्या फेरीला फुटाणे फुटायला लागले. मी कठड्याजवळ उभा होतो, मला ऐकू आलं. मामांनाही आलं... जेवता जेवता उठून उभे राहिले, हाताला भाजी लागलेली तशीच. पाचव्या फेरीला गाडीच्या मागून निळा धूर निघाला आणि रोहितनं ती कडेला घेतली. तिसऱ्या पिस्टनला भोक.

बोनेट उघडलं. पंधरा-वीस माणसं भोवती. साहेबांनी टायमिंग तपासायला लावलं, ते मामा नेहमी ठेवायचे त्यापेक्षा पुढे निघालं. त्यातल्या बहुतेकांना मामांचे कान माहीत होते, आणि त्या सगळ्यांसमोर साहेब म्हणाले, "यशवंतराव, कान गेले तुमचे आता. घरी बसा."

साहेब माझ्याकडे वळूनही पाहीनात. पिकअपबद्दल कोणी बोललं होतं, हेच ते विसरले होते. किंवा विसरल्यासारखं केलं. पण त्यांच्यावर ढकलून मी सुटत नाही.

मामा वाकले. फडक्यानं डबा पुसला. रेघेकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग सरळ होऊन म्हणाले, "रेघ तुटली नाही. मंग चूक माहीच आहे, साहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला तेव्हा हायसं वाटलं, हे मी लाज सोडून लिहितो आहे.

त्यानंतर मामांनी हातात पाना घेतला नाही. कोणी गाडी आणली की म्हणायचे, "कान गेले बापा. प्रमोदकडे जा." त्यांची सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे आली, त्यांच्यावरच हे गॅरेज उभं आहे. मामा ओट्यावर बसून राहायचे. रस्त्यानं गाडी गेली की मान वळायची, मग पुन्हा खाली. असे अकरा वर्षं बसले आणि गेले. मी दरवर्षी दीक्षेच्या दिवशी संत्रा बर्फीचा डबा घेऊन जायचो. दरवेळी वाटायचं, आज सांगू. मग मामी चहा आणायची, इकडचं-तिकडचं निघायचं, अन् मी उठायचो. अकरा डबे नेले असतील. तोंडातून शब्द निघाला नाही.

आणि एक गंमत. मी पुढे कधीच कोणत्या गाडीत उन्हाचा वाटा ठेवला नाही. चांगले प्लग टाकले, चांगलं पेट्रोल मागवलं, मोठा रेडिएटर बसवला, पण टायमिंग पुस्तकावरच. वाटा ठेवला असता तर कबूल केल्यासारखं झालं असतं ना! मुजोरी म्हणा.

आता मूळ गोष्ट. या वर्षी फेब्रुवारीत रोहितचा फोन आला. साहेब वारले, बेसाला त्यांची जुनी जागा होती तिथे आता फ्लॅट स्कीम होते आहे, शेड पाडताना ती निळी डॅटसन निघाली. विंटेज क्लासमध्ये पळवायची आहे. ट्रेलरवरून गाडी उतरवताना रोहित म्हणाला, "त्या म्हाताऱ्यानं मारली होती हिला. तू जिवंत कर."

मी "हो" म्हणालो. बावीस वर्षांनी दुसऱ्यांदा गप्प बसलो.

बोनेट उचललं तर रेघ तिथेच होती. माझी. धुळीखाली लालभडक, सरळ, साफ. गाडीला हात लावण्याआधी मी थिनरचा बोळा घेतला आणि ती पुसली. इंजिन खोललं, नवे पिस्टन टाकले, ब्लॉक सँडब्लास्ट करून निळा रंगवला, डिस्ट्रिब्युटर नवाकोरा करून बसवला. म्हणजे त्या इंजिनवर जुनं असं काही उरलंच नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. मार्चमध्ये टायमिंग लाइट लावून पुस्तकाच्या आकड्यावर टायमिंग केलं, बोल्ट कसला, पांढऱ्या पेंट-पेननं रेघ मारली. सात वाजता शटर ओढून घरी.

सकाळी पाहिलं तर पांढऱ्या रेघेचे दोन तुकडे. डबा मागे फिरलेला. नखभर.

म्हटलं बोल्ट ढिला राहिला. असं होत नाही, बंद गाडीत तर नाहीच, पण माणूस आधी स्वतःला समजावतो. नवा बोल्ट, नवा वॉशर, पुन्हा सेट, पुन्हा रेघ. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच... तेवढंच मागे. बोल्ट मात्र घट्ट कसलेला.

आता माझं डोकं फिरलं. गॅरेजची दुसरी किल्ली एकाकडेच होती... फारूकभाई. पंधरा वर्षं माझ्यासोबत, माझ्याच वयाचा, अबोल माणूस. आणि त्यानं आठवड्यापूर्वीच म्हटलं होतं, "भाऊ, गर्मी आ रही है, टायमिंग थोडा पीछे रखते क्या?" झालं. दोन अधिक दोन चार.

"मला न विचारता हात काहून लावला?" मी सगळ्या शेडला ऐकू जाईल असा ओरडलो. बाजूच्या युनिटमधली माणसं पाहायला लागली.

"मैंने नहीं लगाया भाऊ."

"मग भूत आलं का रात्री? खोटं बोलू नको! कबूल कर अन् मोकळा हो!"

फारूकभाई माझ्याकडे पाहत राहिला. "पंधरा साल में एक पेच बिना पूछे खोला हो तो बताओ," एवढंच म्हणाला. खिशातून किल्ली काढली, टेबलावरच्या व्हाइसवर ठेवली, हात पुसले अन् गेला. माझ्या तोंडून "कबूल कर" हे शब्द निघाले तेव्हा जीभ झडली कशी नाही, हे आता वाटतं.

मी चिडून तिसऱ्यांदा सेट केलं. मोबाइलवर फोटो काढला. कुलूप बदललं, दारावरचा कॅमेरा चालू आहे की नाही पाहिलं. दुसऱ्या दिवशी साडेनऊला शटर उचललं, टपरीवरून चहा मागवला, ग्लास हातात घेऊन बोनेट वर केलं.

पांढरी रेघ नव्हती. तुटलेली नव्हती असं नाही, नव्हतीच. पुसल्याचा डागसुद्धा नाही. तिथे लाल रेघ होती. सलग, अखंड, डबा नखभर मागे असलेल्या जागी. खाली एक थेंब ओघळलेला.

मी नखानं खरवडून पाहिलं. ओली नव्हती, ताजी नव्हती. नेलपॉलिश जुनं झालं की कडेला पिवळट पडतं, बारीक तडे जातात, तसे तडे होते. वीस वर्षांची जुनी रेघ... माझ्या पंधरा दिवसांच्या नव्या रंगावर! मी या धंद्यात तीस वर्षं काढली आहेत. जुनं आणि नवं मला कळतं. कॅमेऱ्यात मी शटर ओढताना दिसतो आणि त्यानंतर मीच शटर उचलताना दिसतो. मधे कुत्रंही नाही.

चहा तसाच निवला. भीती वाटली का, तर नाही. मला खूप रडायला आलं. मोठ्यानं रडलो, शटर उघडं असताना.

फोटो काढला आणि थेट प्रताप नगरला गेलो.

मामी आता एकोणऐंशीची आहे. लेकीसोबत, त्याच घरात राहते. शेडच्या जागी आता स्कूटी उभी असते. मामी शेंगा सोलत बसली होती. "काहून रे, अवेळी आला?" म्हणाली. मी खाली बसलो अन् सगळं सांगून टाकलं. साहेबांचं बोलणं, झेरॉक्स, थिनर, बाटली... सगळं. शेंगा सोलणारा तिचा हात थांबला नाही. संपलं तेव्हा मी मोबाइल पुढे केला. "मामी, हे पाह्य. आज सकाळी हे होतं."

तिनं चष्मा लावला. फोटो डोळ्याजवळ धरला. मग बोट लावून म्हणाली, "ही ह्यायचीच आहे. ठिपका आहे ना."

"ठिपका? तो थेंब ओघळला आहे मामी."

"ओघळते कसा? मीच सांगतलं होतं त्यायले. लग्नाच्या नव्या नवलाईत. म्हटलं, नुसती बोडकी रेघ काय मारता, एक टिकली तं लावा तिले. हसले होते. तवापासून दर गाडीले टिकली लावत." आणि मग, शेंगांकडे पाहत, "तू मारलेल्या रेघेले टिकली नव्हती."

मला समजायला वेळ लागला. 

"मामांना माहीत होतं?"

"त्याच दिवशी. घरी आले, पाय धुतले, म्हणे, रेघ माही नाही वं. पमोदनं मारली. मी म्हटलं, मंग चला, सांगा त्या साहेबाले! तुमचं नाव गेलं ना चार लोकांत! तं म्हणे, त्याचं नाव जाईन. आत्ता कुठं उभा होऊन राह्यला पोट्टा. मी म्हटलं, निदान त्याले तं विचारा. म्हणे, विचारून काढलं तं त्यात काय राह्यलं. तो स्वतः सांगीन. आज नाही तं उद्या सांगीन."

मी खाली पडलेली टरफलं गोळा करायला लागलो. 

"तू यायचा दरवर्षी बर्फी घेऊन," मामी म्हणाली. "तू गेला की मले विचारत, काही बोलला का वं तुह्यापाशी? मी म्हणो, नाही. मंग तो डबा तसाच राहे. त्यायले बर्फी लय आवडे, पण तुह्या डब्यातली एक वडी नाही खाल्ली कधी. मी शेजारी वाटून टाको."

अकरा डबे.

"मग कान...? कान गेले म्हणायचे ते?"

"कान कुठे गेले होते! मरेपर्यंत ओट्यावर बसून सांगत, ह्याचं टायमिंग पुढं आहे, त्याचा प्लग गेला. कान चांगलेच होते. काम कराची इच्छाच नाही राह्यली."

मी तिच्या पायावर डोकं ठेवायला गेलो. तिनं पाय मागे घेतले. रागानं नाही, आमच्यात पाया पडण्याचं फार नाही. पण घेतले. म्हणाली, "मले काहून सांगून राहिला आता? ज्यानं वाट पाह्यली त्याले तं नाही सांगतलं." आणि थोड्या वेळानं, "जेवून जा." मी जेवलो. 

संध्याकाळी रोहितला फोन केला. सगळं सांगितलं, म्हटलं त्या दिवशीची गाडी मामांनी नाही, मी मारली. तो म्हणाला, "अरे सोड ना यार, बावीस वर्षं झाली. कोणाला आठवतं?" आमच्या जुन्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर लिहून टाकलं. चौदा लोकांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि एकानं विचारलं की कार्बोरेटर किट कुठे मिळेल. शिक्षा करायलाही कोणी उरलेलं नाही हो... त्या दिवशी माळावर जे पंधरा-वीस जण होते, त्यातले अर्धे गेले, उरलेल्यांना साहेबांचं वाक्यसुद्धा आठवत नाही. मामांना मात्र अकरा वर्षं आठवत होतं.

फारूकभाईच्या घरी गेलो, हात जोडले. तो परत आला. पण आता साधा पाना उचलायचा असला तरी मोठ्यानं विचारतो, "भाऊ, हात लगाऊँ?" प्रत्येक वेळी. मुद्दाम करत नसेल. मी दर वेळी "हो" म्हणतो.

गाडी त्याच रेघेवर पळाली. एप्रिलच्या भर दुपारी, बाकीच्या गाड्या तापून बसत होत्या, ही शेवटपर्यंत एका सुरात. मी डोळे मिटून ऐकलं, एक फुटाणा फुटला नाही. रोहित खूश. मी दूर जाऊन बाभळीसारखं एक झाड होतं तिथे बसलो.

गाडी पुढच्या मोसमापर्यंत माझ्याकडेच ठेवली आहे. आणि इथून पुढचं जे लिहितो ते मी फारूकभाईलाही सांगितलेलं नाही.

मी त्या रेघेकडे रोज पाहायचो. वाटायचं, म्हणजे मामा आहेत. कुठे, कसे, मला माहीत नाही, माझा विश्वास नाही... पण आहेत. चुकलं की दुरुस्त करतात. मग त्यांना माझ्या तोंडानं सांगता येईल. मी बोनेट उघडून एकटाच बोललोही. "मामा, रेघ मी मारली होती. उन्हाचा वाटा मी परत घेतला." दोनदा बोललो. इंजिन काय बोलणार.

मग एका संध्याकाळी दहा नंबरचा पाना घेतला, बोल्ट ढिला केला आणि डबा पुढे फिरवला. मुद्दाम. पुस्तकाच्या आकड्यावर, त्या दिवशीसारखा. मामांच्या रेघेचे दोन तुकडे झाले... पुन्हा माझ्याच हातानं. म्हटलं, सकाळी मागे आलेला असेल. मला रागावायला तरी येतील.

सकाळी तो तसाच होता. दुसऱ्या दिवशीही. बोल्ट मी कसला तेवढाच कसलेला. कॅमेऱ्यात मी, मग पुन्हा मी.

तुमच्यातले जाणकार सांगतील, कबुली दिली म्हणून आत्मा शांत झाला वगैरे. ठेवा ते तुमच्याजवळ. पहिल्या तीन वेळा काय झालं, नव्या रंगावर जुनी रेघ कशी आली, मला माहीत नाही. आता काहीच का होत नाही, तेही माहीत नाही. फोटो माझ्याजवळ आहे, त्यात ती अखंड दिसते.

आज अठरावा दिवस आहे. फारूकभाईनं काल बोनेट उघडून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, ये तो टूट गई. पीछे लूँ?" मी म्हटलं, "नको. राहू दे." त्यानं बोनेट खाली घेतलं. आज सकाळीही साडेनऊला शटर उचललं, चहा घेतला, पाहिलं. वरचा तुकडा पुढे, खालचा तुकडा मागे, खाली टिकली. मी दुपारपर्यंत थांबलो, मग जेवायला बसलो.